चौथं ऋण

आमच्या पंचवटीतल्या वाड्यात माजघराच्या भिंतीत एक सागवानी कपाट आहे. त्यात वह्या आहेत, लाल खारव्याच्या बासनात बांधलेल्या. सासरचं घर तीर्थोपाध्यायांचं. रामकुंडावर अस्थी घेऊन येणारा, श्राद्धाला येणारा यजमान या वह्यांत आपलं नाव, गाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे लिहून जातो. जुनी पानं मोडीत आहेत. पितृपंधरवडा लागला की खानदेशातून, मराठवाड्यातून माणसं येतात, गाव आणि आडनाव सांगतात, आणि थोड्या वेळानं त्यांच्या पणजोबांची सही त्यांच्यापुढे उघडी होते. मी १९८५ साली लग्न होऊन या घरात आले. चहा घेऊन ओसरीवर गेले की धिप्पाड बागाईतदार त्या सहीवरून बोट फिरवताना आणि उपरण्यानं डोळे टिपताना दिसायचे.

मी मात्र नोकरीभर दुसरीच वही लिहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेचा हजेरीपट. त्यातली आठ वर्षं इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीवर काढली. तिथं माझ्या पटावर चौथीतला एक कातकरी मुलगा होता. गुणाकार तोंडी विचारले की सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचा, लिहायला सांगितलं की पाटी दप्तरात सारायचा. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. पंधरा दिवसांनी मी वस्तीवर गेले. आई म्हणाली, "बाई, त्यो मेंढरांमागं गेला." किती दिवसांसाठी, असं विचारलं तर ती खाली बघत राहिली. झोपडीच्या कुडाला एक कोकरू बांधलेलं होतं. मी ते पाहिलं. कुठून आलं, हे मी विचारलं नाही. शाळेत येऊन त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहिलं आणि महिनाअखेरीला पटाची बेरीज जुळवली.

सप्टेंबर २०२२ मध्ये उभाड्याजवळच्या कातकरी वस्तीची बातमी आली. इगतपुरी तालुक्यातलंच गाव. तिथली लहान मुलं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिलेली होती. त्यांतली एक कोवळी मुलगी मरण पावली, तेव्हा हे उघड झालं. श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी प्रकरण धसास लावलं, वेठबिगारीच्या कायद्याखाली गुन्हे दाखल झाले, मुलं परत आणली गेली. पेपरात 'मेंढी' हा शब्द वाचला आणि माझ्या डोळ्यांपुढे ते कुडाला बांधलेलं कोकरू आलं. त्या दिवशी मी जेवले नाही. माझा तो विद्यार्थी मला पुन्हा कधीच दिसला नाही. आज तो पस्तिशी ओलांडलेला असेल.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. प्रश्न धर्माचा आहे, आणि तो मी धर्माच्याच शब्दांत मांडणार आहे, कारण मी ज्या घरात राहते तिथं दुसरी भाषा कमी बोलली गेली. प्रश्न असा: माणूस जन्मताना कोणाचं देणं लागतो?

माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, मी एकदा विचारलं होतं की पितृऋण फिटतं म्हणजे नेमकं काय होतं. ते तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते. संध्या आटोपून झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, "अगं, मूळ ग्रंथ बघशील तर पितृऋण पिंडानं फिटतं असं नाही म्हटलेलं. प्रजेनं फिटतं." मग त्यांनी मला उलगडून सांगितलं. तैत्तिरीय संहिता तीन ऋणं सांगते आणि ती ब्राह्मणाची म्हणून सांगते: ऋषींचं ब्रह्मचर्यानं फेडायचं, देवांचं यज्ञानं, पितरांचं संततीनं. शतपथ ब्राह्मण त्याच्या पुढे जातं. तिथं जातीचा उल्लेख नाही. जो कोणी आहे, तो देणेकरी म्हणूनच जन्मतो, असं तिथं म्हटलंय, आणि तिन्हींना एक चौथं ऋण जोडलंय, माणसांचं. ते कशानं फेडायचं? माणसांना आसरा देऊन आणि जेवू घालून. इतकं साधं आणि इतकं नेमकं.

"मग या चौथ्याचं आपण काय करतो?" मी विचारलं.

मामंजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याला विधी नाही. म्हणून ते राहून जातं."

आमच्या नाशकात राहून गेलेली देणी फेडायला देशभरातून माणसं येतात. रामानं दशरथाचं श्राद्ध इथंच केलं अशी श्रद्धा आहे. त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीला तीन दिवस बसतात, तिथी बघून, पांढरी वस्त्रं नेसून. मी यातल्या कशाचीही हेटाळणी करत नाही. बाप गेल्यावर माणसाचे हात रिकामे होतात, आणि त्या हातांना काही करायला मिळणं ही मोठी सोय आहे. माझ्या वडिलांच्या वेळी मीही ती अनुभवली. पण 'प्रजा' या शब्दापाशी मी थांबते. मराठीत प्रजा म्हणजे लेकरंही आणि राज्यातली सगळी माणसंही. पितरांचं देणं प्रजेनं फिटत असेल, तर ती प्रजा माझ्या दोन मुलांपुरतीच कशी? उंटवाडीच्या बालगृहात रात्री अंथरूण घालणारा मुलगा कोणाची प्रजा?

याचं आपल्याकडचं नेहमीचं उत्तर 'दान' हे आहे. दानाबद्दल मला आदर आहे, पण या ठिकाणी तो शब्द मला चुकीचा वाटत आला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणं आहेत: योग्य जागा, योग्य वेळ, आणि योग्य पात्र. गीतेला हेही हवं आहे की घेणाऱ्याकडून परतफेडीची अपेक्षा नसावी. आपण हे शेवटचं विसरलो आणि 'पात्र' तेवढं घट्ट धरून ठेवलं. इतकं, की सरकारी याद्यांनीही तोच शब्द उचलला. नोटीस बोर्डावर कागद लागतो, वर 'पात्र', खाली 'अपात्र'. एखाद्या आईचं नाव खाली असलं तर ती मला विचारते, "बाई, आमी अपात्र म्हंजी?" तिला वाटतं, आपल्यातच काही खोट आहे. खोट कागदात असते.

देणं फेडताना पात्रता बघत नाहीत. किराणावाल्याचे पैसे द्यायचे असतील तर त्याचा स्वभाव कसा, तो दारू पितो का, असं कोणी तपासत नाही. द्यायचे म्हणजे द्यायचे, आणि उशीर झाला तर लाजायचं ते आपण. दान आणि परतफेड यांत रक्कम तीच असेल, पण मान कोणाचा खाली, हे बदलतं. दान घेणारा मिंधा होतो. हा मिंधेपणा मी मुलांच्या चेहऱ्यांवर बघितला आहे. वह्यावाटपाच्या कार्यक्रमात त्यांना ओळीनं उभं करतात, फोटो होईपर्यंत वही दोन्ही हातांत धरायला लावतात, मग एक मुलगी आभाराचं भाषण पाठ म्हणते. नऊ वर्षांच्या मुलीनं कोणाचे आभार मानायचे? मीही असे कार्यक्रम बसवले. भाषणंही मीच लिहून दिली होती.

आता दुसरी बाजू. ऋण हा शब्द गोड नाही, हे मला ठाऊक आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं ते नाशिकच्याच तुरुंगात, १९३३ साली. त्या पुस्तकातली आई आपण मायेची मूर्ती म्हणून आठवतो, पण सावकाराचा वसुलीचा माणूस दाराशी येऊन तिला घालून पाडून बोलतो, ते प्रकरण मला सगळ्यांत खोल लागलं. कर्जानं घराची अब्रू कशी जाते, मुलांपुढे आईची मान कशी खाली जाते, हे त्यात आहे. कातकऱ्याच्या घरी तेच होतं. तिथं मान जाऊन भागत नाही, मूल जातं. त्याला 'उचल' म्हणतात. पावसाळा संपला, भातकापणीचं काम संपलं, घरात दाणा नाही, कोणी आजारी, कोणाचं लग्न. उचल घेतली. ती फिटेपर्यंत अंग द्यायचं. आणि बापाच्या अंगानं फिटली नाही तर पोराच्या. मेंढपाळही काही गढीतला सावकार नसतो. तोही आठ-आठ महिने उन्हापावसात फिरतो, त्याचीही मुलं शाळेबाहेर असतात. म्हणून त्याचा गुन्हा कमी होतो असं नाही. एका उघड्यावरच्या माणसानं दुसऱ्या उघड्यावरच्या माणसाचं मूल कामाला जुंपावं, इतकं दोघांनाही आपण मोकळं सोडलेलं आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

१९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्याचं मला अप्रूप वाटतं ते या जागी. त्यानं माणूस सोडवलाच, पण कर्जही नाहीसं केलं. असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपली, असं कायदा म्हणतो. कोणत्याही प्रायश्चित्तापेक्षा हे मोठं आहे. पण कागदावर मिटलेलं कर्ज त्या आईच्या मनातून मिटत नाही. तिला वाटतं, आपण वायदा मोडला. उभाड्याच्या बातमीनंतर माझ्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या बायका म्हणाल्या, "आई आहे की कोण? पोटची पोर विकली!" माझ्याही तोंडून ते निघालं असतं, कोकरू आठवलं नसतं तर. तिनं मूल विकलं नव्हतं. तिच्या हिशेबात मूल दोन वेळच्या भाकरीला लागलं होतं, आणि घरात एक तोंड कमी झालं होतं. तिच्यापुढे दोन वाईट वाटा होत्या आणि तिसरी दाखवायला कोणी तिथं नव्हतं. मी होते. मी पटाची बेरीज करत होते.

बापाचं कर्ज मुलाला लागतं, हा नियम आपण किती सहज मान्य करतो. कातकऱ्याच्या पोराला तो लागतो, यात कोणाला नवल वाटत नाही. मग तो आम्हाला का लागत नाही? कातकरी खैराच्या लाकडापासून कात पाडायचे, त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि त्यांचा धंदा, जमीन, सगळं सुटलं. त्या जंगलांच्या लाकडावर, रेल्वेवर, शहरांवर जे उभं राहिलं त्यात आमचा वाडाही आहे. माजघरातलं हे कपाट सागवानी आहे, आणि हा साग आमच्या परसात उगवलेला नव्हता.

आणखी जवळचं सांगते. काळाराम मंदिर आमच्या घरापासून चालत पाच मिनिटं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथं सत्याग्रह सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं नेटानं चालवला. दरवाजे उघडले नाहीत. मामंजी तेव्हा सहा-सात वर्षांचे होते. त्यांचे वडील दरवाजे बंद ठेवणाऱ्यांच्या बाजूचे होते. हे मामंजींनी मला स्वतः सांगितलं, त्याच झोपाळ्यावर, आवाज न चढवता. म्हणाले, "आम्ही वडिलांचं श्राद्ध दरवर्षी करतो. त्यांचं हे देणं मात्र कोणी अंगावर घेतलं नाही." वडिलांची जमीन घेतली, वाडा घेतला, यजमान घेतले, वह्या घेतल्या. देणं तेवढं त्यांच्याबरोबर गेलं, असं आम्ही धरून चाललो. कोणत्याही सावकाराला विचारा, असं चालतं का.

इथं मला एक आक्षेप स्वतःवरच घ्यावासा वाटतो. सत्याग्रही दाराशी आले ते कोणाला ऋणमुक्त करायला आले नव्हते. ते माणूस म्हणून आपला हक्क सांगायला आले होते. मग मी हे ऋण-ऋण करत बसले तर त्यातही मीच मध्यभागी येते, माझं पाप, माझं फेडणं, आणि ते मूल पुन्हा माझ्या पुण्याचं साधन होतं. या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. इतकंच म्हणेन की हक्क हा मुलाचा शब्द आहे आणि ऋण हा माझा. त्यानं माझ्यापुढे ऋण म्हणायचं कारण नाही, आणि मला त्याच्यापुढे उपकार म्हणायचा अधिकार नाही. मुलानं हक्क मागायच्या आत मी ऋण ओळखलं, तर त्याचा मागण्यातला तरी वेळ वाचेल.

निवृत्त झाल्यापासून मी एकच काम करते. अर्ज भरून देते. बालसंगोपन योजना आहे, आता तिला क्रांतीज्योती सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. एक पालक गेला असेल, दुर्धर आजार असेल, घर मोडलं असेल, तर मूल संस्थेत टाकायची वेळ येऊ नये म्हणून घरीच वाढवायला महिन्याला २२५० रुपये मिळतात. पूर्वी ४२५ होते, मग ११०० झाले, २०२३ मध्ये २२५०. मला या योजनेचं मर्म फार आवडतं: मुलाला आईपासून तोडून पोसण्याऐवजी आईच्या हातात पोसण्याची ताकद द्यायची. पण कागद! मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड, पासबुक, आणि घरासमोर आईनं मुलांना घेऊन काढलेला फोटो. करोनात नवरा गेलेली एक बाई पाथर्डी फाट्याजवळ भाड्याच्या खोलीत राहायची. फोटो काढायला गेले तर म्हणाली, "बाई, कोणत्या घरासमोर उभी राहू? ह्ये बी पुढच्या महिन्यात सोडायचंय." आम्ही त्याच दारासमोर फोटो काढला. बालकल्याण समितीपुढे तिला तीन वेळा जावं लागलं, तीन दिवसांची धुणीभांडी बुडाली. पैसे सुरू झाले, पण दर महिन्याला येत नाहीत, साचून येतात. थकलेलं येणं एकदम हातात आलं की ते उसनवारीतच जातं. शाळेचे बूट राहतात.

शतपथानं आसरा आणि अन्न असं स्पष्ट म्हटलं, याचं शहाणपण मला जुलै २०१८ मध्ये कळलं. आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात टाकायचं ठरलं होतं. मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली, इथल्या आदिवासी विकास आयुक्तालयावर. त्यांना वाटेतच अडवलं गेलं. मागणी काय होती? पैसे नकोत, ताट द्या. पैसे उशिरा येतात; आले तर घरून फोन येतो, आजी आजारी आहे, पाठव. मग पोरगा वडापाववर परीक्षा देतो. ताट मात्र घरी पाठवता येत नाही, ते पोरालाच जेवावं लागतं. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. दादासाहेब बिडकरांनी १९३७ साली डांग सेवा मंडळ काढलं ते सुरगाणा-पेठच्या मुलांसाठी, आणि पाड्यावरच्या मुलाला शिकवायचं तर त्याच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय आधी लागते, हे धरूनच आश्रमशाळा उभ्या राहिल्या.

आणि अठरावं वर्ष. बालगृहातलं मूल अठराचं झालं की त्याला तिथून निघावं लागतं. कायद्यात पुढच्या अनुरक्षणाची सोय आहे, २१ वर्षांपर्यंत, अडचण असेल तर आणखी दोन वर्षं. अनाथ मुलांसाठी २०१८ पासून राज्यात शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षणही आहे. पण माझा मुलगा अठराचा झाला तेव्हा त्याला इस्त्री कशी करतात ते येत नव्हतं, आणि आम्ही हसलो होतो. त्या वयाच्या पोराला खोली, डबा, बसचा पास, रात्री ताप आला तर कोणाला हाक मारायची, हे सगळं एका तारखेपासून एकट्यानं उभं करायचं असतं.

अशा एका मुलाशी माझी ओळख अर्जांमुळेच झाली. सातपूरच्या आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड करून तो अंबडच्या एका कारखान्यात शिकाऊ लागला. खोली मिळाली तर घरमालकानं पोलिसांकडे द्यायचा भाडेकरूचा फॉर्म पुढे केला. तो घेऊन तो माझ्याकडे आला. सगळं भरलं होतं, 'कायमचा पत्ता' रिकामा. "बाई, संस्थेचा लिहू का? पण मी आता तिथला नाही." मूळ गाव त्याला माहीत नाही. वडिलांचं नाव कागदोपत्री आहे, ते कोणी लावलं हेही माहीत नाही.

माझे धाकटे दीर तेव्हा ओसरीवर यजमानांना वही दाखवत होते. विदर्भातलं कुटुंब होतं, पाच पिढ्या सापडल्या होत्या. तो मुलगा मान वळवून ते बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर हेवा नव्हता, कुतूहल होतं. अक्षर किती बारीक आहे म्हणाला. मी पेन घेतलं आणि त्या रिकाम्या जागी आमच्या वाड्याचा पत्ता लिहिला. मग दिरांना आत बोलावून सांगितलं. ते थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "वहिनी, पिनकोड नीट लिहिलात ना?"

आता बँकेची, कारखान्याची, आधारवाल्यांची त्याची टपालं आमच्याकडे येतात. परवा एक जाड लिफाफा आलाय, सही करून घेतला. वह्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलाय, म्हणजे पोरांच्या हाती लागणार नाही. रविवारी त्याची पाळी नसते. जेवायला येईल तेव्हा नेईल.